कोणता आवाज नकोय, ते आधी सांग

माझी आत्या आकाशवाणीत ध्वनी-अभियंता होती. नोकरीची बहुतेक वर्षं संसद मार्गावरच्या इमारतीतल्या स्टुडिओंत काढली, निवृत्त झाल्यावरही करोल बाग सोडलं नाही. मी द्वारकेत राहते आणि नोकरीला नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये जाते, म्हणजे ब्लू लाइनने रोज अख्खी दिल्ली ओलांडते. बाहेरचा आवाज कमी करणारे, एएनसी असलेले हेडफोन दहा हजारांच्या आत घ्यायचे असं ठरवून मी तिच्याकडे गेले होते, कारण गफ्फार मार्केट तिच्या घरापासून पायी जाण्याइतकं जवळ आहे. या वस्तूलाच तिचा विरोध असेल अशी मला कल्पना नव्हती. आमचं बोलणं बरंच लांबलं. या खरेदीत जे प्रश्न कुणी विचारत नाही ते तिने विचारले, म्हणून ते इथे मांडते आहे.

आत्या : तुला नेमका कोणता आवाज नकोसा झालाय?

मी : सगळेच. मेट्रोची घरघर, ऑफिसातला एसी, शेजारच्या टेबलावर दिवसभर फोनवर बोलणारा माणूस, ई-रिक्षाचे हॉर्न आणि लग्नसराईत समोरच्या बँक्वेट हॉलचा डीजे.

आत्या : अगं, हे पाच वेगळे आवाज आहेत. मेट्रो आणि एसी खूप कमी होतील. डीजेच्या धडधडीतला थोडा भाग जाईल. शेजारचा माणूस आणि हॉर्न जवळजवळ तसेच राहतील. मग आता सांग, दहा हजार कशासाठी देणार आहेस?

मी : पण खोक्यावर तर ५० डेसिबलपर्यंत आवाज कमी होतो असं लिहिलेलं असतं.

आत्या : त्यातला "पर्यंत" नीट वाच. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम कानावर, एका ठरावीक पट्टीत मिळालेला तो सगळ्यात मोठा आकडा असतो. बाकीच्या पट्ट्यांत काय झालं ते खोक्यावर छापत नाहीत.

मग तिने कागद ओढला आणि लाट काढली. तिचं म्हणणं मला इतकं पटलं की तेव्हापासून कुठल्याही जाहिरातीतला डेसिबलचा आकडा मी वाचत नाही.

आत्या : लाट आणि तिची उलटी लाट एकत्र आली की दोन्ही विरतात, एवढंच तत्त्व आहे. हेडफोनच्या बाहेर एक मायक्रोफोन असतो, जरा बऱ्या वस्तूत आतही एक असतो. बाहेरचा आवाज टिपायचा, त्याची उलटी लाट तयार करायची आणि कानात सोडायची. सगळी कसोटी वेळेची. आपल्याकडे येणाऱ्या झोपाळ्याला नेमक्या क्षणी समोरून हात लावला तर तो थांबतो. क्षण चुकला तर आणखी वर जातो. आता हिशोब कर. मेट्रोची घरघर सेकंदाला १०० कंपनांची धरू. एका लाटेला १० मिलिसेकंद लागतात. यंत्राला मिलिसेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तर चूक लाटेच्या एक टक्का, आणि घरघरीचा दाब सहा टक्क्यांवर येतो. तोच उशीर ३००० कंपनांच्या आवाजाला झाला तर लाटेचा जवळजवळ तिसरा हिस्सा निघून गेलेला असतो. तेव्हा उलटी लाट मिसळून आवाज वाढतो.

मी : म्हणून हॉर्न जात नाही.

आत्या : म्हणून वरच्या पट्टीत हे यंत्र हातच घालत नाही. साधारण १००० कंपनांच्या वर जे काही अडतं ते कानात घट्ट बसलेल्या रबरामुळे किंवा कानावरच्या गादीमुळे. रबर नीट बसलं नाही, तर खालच्या पट्टीतलं कामही बिघडतं. म्हणजे स्वस्त वस्तूत सगळ्यात आधी कशाला पैसे द्यायचे? कानात नीट बसण्याला. त्या खोक्यात रबरी टोप्यांचे लहान, मध्यम, मोठे असे जोड येतात ना, लोक ते उघडूनही बघत नाहीत.

या कल्पनेचा इतिहास सांगताना ती आपला विरोध पार विसरून गेली होती. पाउल लुएग या जर्मन माणसाला १९३६ साली या तत्त्वाचं अमेरिकन पेटंट मिळालं, पण तेवढ्या चपळाईने उलटी लाट तयार करणारी साधनं तेव्हा नव्हती. १९७८ मध्ये बोस कंपनीचे अमर बोस झ्युरिकहून बॉस्टनला विमानाने चालले होते. विमान कंपनीने दिलेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनांच्या घरघरीत बुडून गेलं, आणि त्यांनी त्याच प्रवासात गणित मांडायला घेतलं. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक. वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला, प्रवाशांसाठीचा २००० मध्ये. विमानाच्या घरघरीसाठी जन्मलेली ही वस्तू आहे आणि अजूनही तिला तोच आवाज सगळ्यात चांगला कळतो, असं आत्या म्हणाली.

मी : तुला हे इतकं आवडतं, तर विरोध कशाला?

आत्या : यंत्राला विरोध नाही. त्यावर भागवून घेण्याला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून दिल्लीसह सात शहरांत आवाज मोजणारी केंद्रं उभारली. नियम आहे, मोजमाप आहे. ज्याचं ऐकलं जाईल असा माणूस कानात बोळे घालून बसला, तर तक्रार कोण करणार? चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या कानांसाठी कोण बोलणार? ई-रिक्षा चालवणारा दिवसभर त्याच हॉर्नांत बसलेला असतो. त्याला तर हेडफोन घालून गाडीही चालवता येणार नाही.

मी : तुझं बरोबर आहे. पण समोरच्या हॉलचा डीजे बंद होईपर्यंत माझे कान कुणी सांभाळायचे? साधे इअरफोन घालून मेट्रोत बसलं की काय होतं ते बघ. गाडी बोगद्यात शिरली की ऐकू येईनासं होतं, म्हणून आवाज वाढवतो. बाहेर आली तरी तो तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण असं आहे की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालेल, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. माझा नुसता प्रवासच त्या चार तासांच्या कितीतरी पट आहे. मागची घरघर निम्म्यावर आली तर मी आवाज कमी ठेवून ऐकेन. मी गाण्याच्या सुखासाठी हे घेत नाहीये. चाळिशीत मला कानाचं यंत्र लावायचं नाही, म्हणून घेते आहे.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, हा मुद्दा मला मान्य आहे, पण एका अटीवर: फोनमधल्या आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या वर जाणार नाही अशी मर्यादा फोनच्या सेटिंगमध्येच लावून टाकायची. मला वाटतं या सगळ्या खरेदीचं मर्म तिथेच आहे. घरघर कमी करणारं यंत्र घेऊन गाणी पूर्वीइतक्याच मोठ्याने ऐकली, तर पैसे गेले आणि कानांना काहीच मिळालं नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीचे कानावर बसणारे हेडफोन मी मागून आणले होते. आत्या म्हणाली, बोलण्यापेक्षा ऐकून बघू. आम्ही करोल बागला गाडी पकडली. झंडेवालान आणि रामकृष्ण आश्रम मार्गापर्यंत गाडी पुलावरून जाते, तिथे फार फरक जाणवत नाही. त्यानंतर ती जमिनीखाली शिरते आणि राजीव चौक, बाराखंबा, मंडी हाऊसपर्यंत आवाज भिंतींवरून उलटून डब्यात येतो. आत्याने गाणं न लावता नुसतं एएनसी चालू केलं.

आत्या : खालचा सगळा थर गेला. आणि ऐक ना, उद्घोषणा जास्त स्पष्ट येते आहे.

मी : मला वाटलं होतं ती बुडेल.

आत्या : कशी बुडेल? बोललेले शब्द कळतात ते मुख्यतः ३०० ते ३४०० कंपनांच्या पट्ट्यात, जुना टेलिफोन तेवढ्यावरच चालायचा. घरघर त्याच्या खाली असते आणि शब्दांवर पांघरूण घालते. ते काढलं की शब्द मोकळे होतात.

दिल्ली मेट्रोचा हिंदी आवाज शम्मी नारंग यांचा आणि इंग्रजी आवाज रिनी सायमन खन्ना यांचा. दूरदर्शनच्या बातम्यांमुळे आत्याच्या पिढीला हे दोन्ही आवाज घरातल्या माणसांइतके ओळखीचे. पुढच्या स्टेशनचं नाव आणि दरवाजा कुठल्या बाजूला उघडेल हे तिने लक्ष देऊन ऐकलं. समोरच्या मुलाच्या फोनवर चाललेल्या रील्सही तिला तितक्याच स्पष्ट ऐकू आल्या, हेही सांगायला हवं. ज्यांना मेट्रोत संपूर्ण शांतता हवी आहे त्यांनी या किमतीत ती मिळेल अशी आशा धरू नये.

सर्वोच्च न्यायालय स्थानकाला, म्हणजे पूर्वीच्या प्रगती मैदानला, गाडी पुन्हा वर आली तेव्हा तिने हेडफोन काढले. दोन तक्रारी होत्या. कान दडपल्यासारखे वाटतात, ही पहिली. तिनेच कारणही सांगितलं: कानावर खरा दाब काही नसतो, पण खालचे सूर अचानक नाहीसे झाले की मेंदूला तो दाबातला फरक वाटतो, काहींना याची सवय होते, काहींना कधीच होत नाही. दुसरी तक्रार कुडीची. गादीखाली कुडी टोचते. चष्म्याच्या दांडीचंही तसंच, वर तिच्यामुळे गादीला फट राहते आणि घरघर आत येते. चष्मा लावणाऱ्यांनी, कानात दागिने घालणाऱ्यांनी कानावरचे हेडफोन निदान दहा मिनिटं घालून बघितल्याशिवाय घेऊ नयेत.

आत्या : स्टेशनच्या बाहेर पडलीस की हे काढायचे.

मी : बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड असतो त्यात.

आत्या : तो आवाज मायक्रोफोनमधून फिरून येतो. काय वाजलं ते कळतं, पण कुठून आलं ते स्वस्त वस्तूत नीट कळत नाही. वारा असेल तर नुसती सळसळ. रात्री नऊनंतर द्वारकेतल्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून चालताना मागची पावलं तुला स्वतःच्या कानांनी ऐकू यायला हवीत.

यावर मी वाद घातला नाही. दिल्लीत एकटीने चालणाऱ्या कुठल्याही मुलीने घालू नये.

गफ्फार मार्केटमध्ये नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला मिळतात, आणि विकणारे "फर्स्ट कॉपी है" असं उघडपणे सांगतात. त्यात एएनसीचं बटण असतं, कधीकधी त्याचा दिवाही लागतो. आत्याची परीक्षा सोपी आहे. दुकानातल्या एसीखाली किंवा पंख्याखाली उभं राहायचं, काहीही न वाजवता बटण दाबायचं. खालची गुणगुण त्याच क्षणी खाली बसली पाहिजे. दोनदा चालू-बंद करूनही फरक शोधावा लागत असेल तर खाली ठेवायचं. नेहरू प्लेसच्या किंवा मॉलमधल्या कंपनीच्या दुकानातही हीच परीक्षा करावी. जीएसटी लावलेलं पक्कं बिल घ्यायचं, कारण वॉरंटी त्यावरच मिळते, आणि खोक्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का ते बघायचं.

किमतींचं चित्र मला असं दिसलं. दोन ते चार हजारांत कानात बसणारे इअरबड्स मिळतात आणि त्यांचं एएनसी आता खरोखर काम करतं. पाच वर्षांपूर्वी या किमतीत ते नावापुरतंच असायचं. पाच ते दहा हजारांत कानावर बसणारे बरे हेडफोन येतात. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन फक्त १९२ ग्रॅमचा आहे आणि एएनसी चालू ठेवून ३५ तास चालतो असं कंपनी सांगते. जेबीएलचा ट्यून ७७०एनसी त्याहून जड, पण ४४ तासांचा दावा करतो. वजनाकडे मी बॅटरीपेक्षा जास्त लक्ष देईन. मे-जूनच्या उकाड्यात कानावरची गादी घामाने भिजते, कृत्रिम चामड्याचे पापुद्रे निघतात. पंचवीस-तीस हजारांच्या वस्तू नक्कीच सरस आहेत, पण मेट्रोच्या घरघरीपुरता तो फरक मला किमतीएवढा वाटत नाही. कोडेक वगैरेंच्या चर्चेत मी शिरतच नाही. डब्यातल्या गोंगाटात तो फरक ऐकू येत नाही.

पुण्याला जाताना काय, हा प्रश्न आत्याने एका वाक्यात निकालात काढला: दुरान्तोत रात्री झोपताना फोमचे साधे बोळे. कारखान्यात वापरतात तसले, दहा-वीस रुपयांची जोडी. कुशीवर वळलं तरी टोचत नाहीत, चार्जही करावे लागत नाहीत. विमानात मात्र ती एएनसीच्याच बाजूने होती. शेजारच्या बर्थवर कुणी रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावली, तर रेल्वे बोर्डाच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे ते वर्ज्य आहे, टीटीईला सांगायचं नाहीतर १३९ ला फोन करायचा, हेही तिने बजावलं. तक्रारीचा मुद्दा ती सोडत नाही.

कामाच्या बाबतीत आमचं खरं भांडण झालं.

मी : ऑफिसात मला दिवसाला चार-पाच मीटिंगा फोनवर कराव्या लागतात. घरून काम असलं की उन्हाळ्यात मागे कूलर आणि नोव्हेंबरात एअर प्युरिफायर. समोरच्यांना माझं बोलणं ऐकूच येत नाही.

आत्या : त्याचा एएनसीशी काहीही संबंध नाही. ते फक्त तुझ्या कानासाठी. तुझ्या बोलण्यातून कूलर गाळण्याचं काम मायक्रोफोनच्या बाजूला होतं, त्याला खोक्यावर ईएनसी म्हणतात. स्वस्त इअरबड्सवर नुसतं ईएनसी लिहितात आणि लोक एएनसी समजून घेऊन येतात.

मी : मग दोन्ही असलेलं घेते.

आत्या : घे. पण इअरबड्सचा मायक्रोफोन तुझ्या तोंडापासून वीतभर लांब, कानापाशी असतो. तिथून आवाज उचलायचा म्हणजे सोबत खोलीही उचलली जाते. आम्ही निवेदकाला मायक्रोफोनसमोर कुठे बसवायचं यावर आयुष्य घालवलं. त्यात ब्लूटूथचं आणखी एक: मायक्रोफोन चालू झाला की बहुतेक संगणकांवर जोडणी फोनवरच्या बोलण्याच्या पद्धतीत जाते आणि तुला ऐकू येणारा आवाजही बसका होतो. कामासाठी तोंडासमोर दांडी असलेला, वायरचा साधा हेडसेट घे. दीड-दोन हजारांत येतो. त्याची बॅटरी संपत नाही, कारण बॅटरीच नसते.

मी : दांडीवाला लावून दिवसभर बसायचं? कॉल सेंटरसारखं?

आत्या : तुझं बोलणं लोकांना ऐकू यावं हे काम आहे. कसं दिसतं हे काम नाही.

इथे मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही. दोन मीटिंगांच्या मधल्या तासांत मला लिहायचं असतं, आणि तेव्हा एसीची गुणगुण गेली की डोकं किती हलकं होतं हे तिने अनुभवलेलं नाही. ती दुहेरी दारांच्या, आवाज शोषणाऱ्या भिंतींच्या स्टुडिओत काम करत होती. पण मायक्रोफोनबद्दल ती बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी मी दांडीच्या हेडसेटवर आणि इअरबड्सवर स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐकलं, मागे कूलर चालू ठेवून. इअरबड्सवर शब्दांच्या कडा झिजलेल्या होत्या.

तिचा शेवटचा आक्षेप टिकाऊपणाचा. इअरबड्समधल्या इवल्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दम टाकतात आणि बहुतेक कंपन्यांच्या वस्तूंत त्या बदलता येत नाहीत. मग ते कुठे जातं, असं तिने विचारलं. दिल्लीत याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: देशभरातला इलेक्ट्रॉनिक कचरा सीलमपूरच्या गल्ल्यांत हातांनी फोडला जातो. कानावरच्या हेडफोनांत बॅटरी मोठी असते, गाद्या बदलता येतात, बॅटरी संपली तरी काहींत वायर लावून ऐकता येतं. रोज वापरायची वस्तू असेल तर हा हिशोब किमतीत धरायला हवा, आणि मी तो धरला नव्हता.

मी : म्हणजे प्रवासाला घट्ट बसणारे साधे एएनसी इअरबड्स, तीन-साडेतीन हजारांचे. रस्त्यावर काढून ठेवायचे. कामाला दांडीवाला हेडसेट, आणि लिहिण्यासाठी कानावरचे हलके हेडफोन. सगळं मिळून बारा-तेरा हजार झाले, दहांत बसत नाहीत.

आत्या : पहिल्याचे पैसे तू दे. बाकीच्या दोन्हींचे तू का द्यायचे? भिंती पाडून सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं कुणी ठरवलं? त्यात कंपनीचं भाडं वाचलं. खुर्ची, टेबल, लॅपटॉप ते देतात ना, मग त्याच यादीत हेडसेट लिही. आणि फोनवर बोलायला दार लागणारी एक खोली माग.

मी : एकटीने मागितलं तर देणार नाहीत.

आत्या : तुमच्या हॉलमध्ये बसणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घे. अर्जात डेसिबल लिही, नुसता "त्रास होतो" असं लिहू नकोस. मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे, सोमवारी घेऊन जा. दिवसातून तीनदा मोज, सकाळी, जेवणानंतर आणि पाचला, आणि प्रत्येक वेळी मायक्रोफोन तुझ्या कानाच्या उंचीवर धर.